सात नंबरच्या रेषा

४ फेब्रुवारी

मामा,

नमस्कार तुला, आणि मामीला दोन, कारण पाकिटावर पत्ता घालणं, तिकीट लावणं आणि पेटीत टाकणं ही तिन्ही कामं तू तिच्याच गळ्यात मारतोस.

नव्या नोकरीत मी दिवसभर नेमकं करते काय, असं तू विचारलंयस. फोनवर सांगायला गेले तर घणांच्या आवाजाने गेलेल्या तुझ्या कानांना निम्मं ऐकू येतं, आणि उरलेलं निम्मं मामी ओरडून सांगते ते माझ्या बोलण्याशी जुळतंच असं नाही. मागच्या वेळी मी 'रेषा बघते' म्हणाले आणि तू आईला कळवलंस की पोरगी लोकांचे हात बघायला लागली. आई दोन दिवस माझ्याशी धड बोलली नाही.

तर नीट वाच. आमच्या प्रयोगशाळेत मोडलेल्या वस्तूंचे तुकडे येतात आणि ती वस्तू का मोडली ते आम्ही शोधतो. तुकडा घासून गुळगुळीत करायचा, यंत्राच्या पोटात तिरपा बसवायचा, आतली हवा काढून टाकायची आणि वरून इलेक्ट्रॉनचा बारीक झोत सोडायचा. खोलीला खिडकी नाही. बाहेरून ट्रक गेला तरी यंत्राला त्रास होतो, म्हणून त्याचा चौथरासुद्धा जमिनीपासून वेगळा बांधलाय. त्याचे लाड तुझ्या भट्टीपेक्षा जास्त आहेत.

आता मजा ऐक. लोखंडाच्या प्रत्येक कणात अणू रांगेने बसलेले असतात, थरावर थर. आत शिरलेले इलेक्ट्रॉन या अणूंना धडकतात आणि वाट फुटेल तिकडे विखुरतात. मला वाटायचं, एकदा विखुरले की संपलं, पडद्यावर नुसता धुरकट उजेड दिसणार. तसं होत नाही. त्या विखुरलेल्यांपैकी जे एखाद्या थराशी अगदी ठरावीक कोन करून जातात, त्यांना तो थर वळवतो. थराच्या दोन्ही अंगांना हेच होतं, म्हणून पडद्यावर प्रत्येक थराच्या नावाने समांतर रेषांची एक जोडी उमटते. थर अनेक, तशा जोड्याही अनेक, एकमेकींना छेदत गेलेल्या. खेळ सुटल्यावर नाट्यगृहातली माणसं चहूकडे पळतात, पण खुर्च्यांच्या रांगांमधूनच ना? नुसतं त्यांचं पळणं वरून पाहिलं तरी खुर्च्या कशा मांडल्यात ते कळेल. तसंच हे. रांगा सरळ असतील तर रेषा पट्टीने आखल्यासारख्या येतात. लोखंडात ताण राहिला असेल, रांगा वाकल्या असतील, तर रेषा फिसकटतात.

सध्या एकाच वस्तूचे आठ तुकडे आलेत. मी नवी, म्हणून माझ्याकडे एकच, सात नंबरचा. बाकीचे माझ्या सहकाऱ्याकडे. त्याला मी मनातल्या मनात ठोकळा म्हणते, कारण तो दिवसाला नऊ शब्द बोलतो, मी मोजलेत. वस्तू कसली, कुठली, ते आम्हाला सांगत नाहीत. कागद आमच्या प्रमुख मॅडमच्या कपाटात कुलूपबंद. घडवलेलं लोखंड आहे आणि नंतर भट्टीत ठेवलं होतं, एवढंच कळवलंय. माझा तुकडा अंगठ्याएवढा आहे, एका कडेला पिवळा रंग आणि त्यावर काळा पट्टा. भट्टीचं काम नीट झालं का, ते या तुकड्यावरून ठरायचंय. आणि त्याच्या रेषा अगदीच पुसट येतायत. हा भट्टीवाला चांगलाच कामचुकार असणार. लोखंड आत टाकून गप्पा मारायला गेला असेल. सगळे काही तुझ्यासारखे नसतात.

तुझ्या कारखान्यातल्या साखळीकाकांचा पाय कसा आहे? ओझं निसटून पायावर आलं, एवढंच तू लिहिलं होतंस. त्यांना माझा नमस्कार सांग.

तुझी भाची


११ फेब्रुवारी

पोरी,

पत्र मिळालं. मामी म्हणते तिचे दोन्ही नमस्कार पोचले, तिसरा पाठवला असतास तरी चाललं असतं.

तुझं पत्र मी तीनदा वाचलं. भरकटलेल्यांनीच रेषा काढायच्या, हे मला फार आवडलं. एकतीस वर्षं लोखंड तापवतोय, पण त्याच्या पोटात खुर्च्या मांडलेल्या असतात हे कोणी सांगितलं नव्हतं. आम्ही आपले रंग बघून ओळखतो, लाल किती, नारिंगी किती. आईला मी समजावलंय की तू हात बघत नाहीस. ती म्हणाली, बघत असती तर निदान स्वतःचा तरी बघितला असता. यात तिला काय म्हणायचं होतं ते तुझं तू बघ.

आता मला जरा नीट सांग. तो पिवळा रंग कसला आहे, लिंबासारखा की गडद? काळा पट्टा सरळ की तिरपा? पट्ट्याची कड स्वच्छ आहे की कुठे ओघळलीय? मला उगीच उत्सुकता, दुसरं काही नाही.

आणि रेषा पुसट येतात म्हणतेस, तर पहिल्यांदा आपलं घासणं तपास. लहानपणी तुला माझ्या बाकावर बसवून पितळेची कडी घासायला शिकवलं होतं, आठवतं? हात जड ठेव. दाबून घास. चेहरा दिसेपर्यंत सोडायचं नाही. वरवर हात फिरवणाऱ्याचं काम कधीच चमकत नाही.

भट्टीवाल्याला एवढ्यात कामचुकार म्हणू नकोस. त्याची काय अडचण होती ते आपल्याला कुठे माहीत?

साखळीवाला बरा आहे म्हणतात.

मामा


२० फेब्रुवारी

मामा,

तुझं ऐकलं आणि पस्तावले. सात नंबर मी पुन्हा पहिल्यापासून घासला, अगदी तू शिकवलंस तसा, हात जड ठेवून. उजव्या बोटाला फोड आला. तुकडा असा चमकला की माझा वाकडा दात त्यात मोजून घ्यावा. मोठ्या ऐटीत यंत्रात ठेवला, आणि रेषा? पुसट का होईना, होत्या, त्यासुद्धा गेल्या. पडद्यावर नुसतं धुकं. तीन जागा बदलून पाहिल्या. सगळीकडे तेच.

मॅडमनी येऊन पाहिलं. त्या कधी घाईने बोलत नाहीत. शेवटी म्हणाल्या की हे असंच राहिलं तर अहवालात लिहावं लागेल, भट्टीत पुरेसा वेळ ठेवला नव्हता, आतला ताण गेलाच नव्हता. पुढच्या आठवड्यात ठरवू म्हणाल्या. म्हणजे मी पहिल्या पत्रात लिहिलं तेच खरं ठरतंय. तू त्या माणसाची बाजू घेतोस, ती तुझी बिरादरी म्हणून. मला विचारशील तर अशा माणसाला भट्टीजवळ उभं करू नये. ही वस्तू मोडली तेव्हा कोणाला लागलं असेल कोण जाणे.

तुझ्या उगीचच्या उत्सुकतेची उत्तरं: रंग लिंबासारखा. पट्टा तिरपा. आणि हो, कडेला एक ओघळ आहे, शेपटीवाला, स्वल्पविरामासारखा. कशाला हवं होतं तुला हे? तुझ्या कारखान्यात रंगकामही तुझ्याचकडे दिलंय की काय?

'बरा आहे म्हणतात' म्हणजे काय? सव्वीस वर्षं तुम्ही दोघं एका बाकावर बसून जेवता. म्हणतात कोण? तू जाऊन आला नाहीस का? भांडलात का काही? मामीला विचारलं तर ती म्हणाली, 'तुझ्या मामालाच विचार', आणि फोन ठेवला.

तुझी भाची


२६ फेब्रुवारी

पोरी,

तो स्वल्पविराम माझ्या ब्रशचा आहे.

मोठ्या हुकांवर पट्टा मीच काढतो. रंगाऱ्याला तिरपा जमत नाही. ओघळ आला तेव्हा पुसायचा कंटाळा केला. तुझ्या हातातला सात नंबर हा आमच्या यारीच्या, म्हणजे क्रेनच्या, मोठ्या हुकाचा तुकडा आहे. जानेवारीत तोच तुटला आणि ओझं साखळीवाल्याच्या पायावर आलं. निसटलं असं तुला लिहिलं ते खोटं होतं. हुकाचे आठ तुकडे करून कुठल्याशा दूरच्या प्रयोगशाळेत पाठवलेत, हे मला कळलं होतं. ती प्रयोगशाळा तुझी असावी, असा संशय तुझ्या पहिल्या पत्रात पिवळा रंग वाचला तेव्हाच आला. मग मी तुला रंगाबद्दल आडून आडून विचारत बसलो. लाज वाटते.

आता जे मामीलासुद्धा धड सांगितलेलं नाही ते सांगतो. हुक घडवला की त्यातला ताण जावा म्हणून तो भट्टीत चार तास ठेवायचा. माझ्या गुरूने मला चार सांगितले आणि मी एकतीस वर्षं चार ठेवत आलो. गेल्या सप्टेंबरात या हुकाच्या दिवशी माझी दाढ दुखत होती. अशी की डोळ्यापुढे काजवे. दातांच्या डॉक्टरकडे पाचची वेळ मिळाली होती. मी हुक चाळीस मिनिटं आधी बाहेर काढला, नोंदवहीत नेहमीसारखे 'चार तास' लिहिले, सही केली आणि गाल धरून पळालो. चार महिन्यांनी तो तुटला. माझ्या दाढेपायी त्याचा पाय गेला.

गेला म्हणजे कापला नाही. दोन जागी मोडलाय, आत सळई घातलीय. पण साखळ्या बांधण्याचं काम दिवसभर उभं राहून करायचं असतं, आणि तो पुन्हा तसा उभा राहील का ते डॉक्टर सांगत नाहीत. मी त्याच्याकडे गेलेलो नाही. दोनदा त्याच्या गल्लीच्या तोंडापर्यंत गेलो आणि परत फिरलो. दुसऱ्यांदा तर त्याच्या बायकोने लांबून पाहिलं आणि मी बुटाची नाडी बांधत असल्याचं सोंग केलं. बुटाला नाडी नव्हती. डबा आता एकटाच खातो. हल्ली प्रत्येक हुक पाच तास ठेवतो, आणि पाळीवाले माझ्या नावाने बोटं मोडतात.

तू मला कामचुकार म्हणालीस ते मला लागलं नाही. म्हणजे लागलं, पण रागवायला मला तोंड नाही. तू तुझं काम नीट कर. पडद्यावर दिसेल तेच लिही. मला वाचवायला म्हणून एकही रेष इकडची तिकडे करू नकोस. केलीस तर मी तुझ्याशी बोलणार नाही, आणि हे मी थट्टेने लिहीत नाही.

मला फक्त एवढंच सांग. चाळीस मिनिटांचं लोखंडाला कळतं का?

मामा


२ मार्च

मामा,

तुझं पत्र काल जेवणाच्या सुट्टीत वाचलं आणि तशीच उठून मॅडमकडे गेले. सात नंबर माझ्या मामाच्या भट्टीतला आहे, आणि हे मला आत्ताच कळलं, असं सांगितलं. त्यांनी आधी दार लावलं. मग तुकड्याची डबी, माझी वही आणि यंत्राच्या खोलीची किल्ली काढून घेतली. ओरडल्या नाहीत. आधी कळवलंस हे बरं केलंस, एवढंच म्हणाल्या. सात नंबर आता ठोकळ्याकडे. तो पहिल्यापासून सगळं करणार. मी त्या खोलीत जायचं नाही, काही विचारायचं नाही, आणि अहवाल तुमच्या कारखान्यात पोचेपर्यंत त्याबद्दल तुला एक अक्षर लिहायचं नाही. तू विचारलंस त्याचं उत्तर आज माझ्याकडे नाही, आणि उद्या असलं तरी देता येणार नाही.

मी रागावलेय. दाढेवरून नाही. दाढ कोणाचीही दुखेल. तू मला तीन आठवडे बोलू दिलंस म्हणून. मी तुझ्याच तोंडावर तुला काय काय म्हणत गेले आणि तू 'त्याची काय अडचण होती' असं लिहीत बसलास. ती दोन पत्रं परत मागवता आली असती तर बरं झालं असतं. काल रात्री मोरीत नळ सोडून रडले, म्हणजे शेजारणीला ऐकू जाऊ नये.

आणि मला सांगून तू काय मिळवलंस? मी तुझी भाची. मला सांगणं सोपं. वहीत चार तास लिहिलेस ते तुझ्या मॅनेजरला सांग. ते सांगितल्याशिवाय मला पत्र लिहू नकोस.

तब्येतीला जप.

भाची


९ मार्च

पोरी,

सांगितलं. म्हणून लिहितोय.

सोमवारी सकाळी मॅनेजरसाहेबांच्या दारात उभा राहिलो. त्यांना वाटलं, मी सुट्टी मागायला आलोय. सगळं सांगितलं, दाढेसकट. ते ऐकता ऐकता खुर्चीत पुढे सरकले. वहीत खोटं लिहिलं म्हणून मला जे बोलायचं ते बोलले, आणि बोलायलाच हवं होतं. लेखी ताकीद मिळाली. एकतीस वर्षांतली पहिली. मामीने ती ट्रंकेत तुझ्या मामेभावाच्या प्रगतिपुस्तकांच्या खाली ठेवलीय.

मग त्यांनी कपाटातून हुकाचा मूळ कागद काढला, ज्यावर किती तापवायचं आणि किती वेळ ते छापलेलं असतं. तो माझ्यापुढे धरला. त्यावर तीन तास होते.

मी दोनदा वाचलं. तीनच. गुरूने मला चार सांगितले, मी चार दिले, कागद कधी मागितलाच नाही. कागद बघणं मला अपमान वाटायचा. साहेब म्हणाले, तू तीन तास वीस मिनिटं ठेवलास, म्हणजे हवा त्यापेक्षा जास्तच ठेवलास, खोट्या नोंदीची शिक्षा वेगळी, पण उगाच जीव जाळू नकोस.

खरं सांगू, जिना उतरताना पाय हलके झाले होते. खाली येईपर्यंत पुन्हा जड झाले. गुरूने चौथा तास काही हौसेने ठेवला नसणार. त्याने कधीतरी काहीतरी पाहिलं असेल. तीन लिहिणाऱ्याने भट्टी पाहिलीय की नाही कोण जाणे. कागद काय म्हणतो ते कळलं, लोखंड काय म्हणतं ते कुठे कळलंय? ते तुमच्या त्या ठोकळ्याच्या हातात. तो माणूस कसा आहे? उत्तर देऊ नकोस, मला माहीत आहे तुला बंदी आहे.

साखळीवाल्याकडे अजून गेलो नाही. कागद घेऊन त्याच्या पायाशी काय जाऊन बसू? लोखंडाचा निकाल लागू दे. मग माझा दोष असेल तर तसा जाईन, नसेल तर तसा. पण जाईन, हे आज तुला लेखी देतो.

तू रडलीस ते वाचून मलाही कसंसंच झालं. दाढ दुखण्यापेक्षा वाईट.

मामा

ता. क. मी मामी लिहितेय. पाकीट चिकटवताना लिहितेय, यांना ठाऊक नाही. हे नीट जेवत नाहीत. झोपेत तास मोजतात. परवा मला म्हणाले, साडेतीन झाले, अजून उघडू नकोस. मी म्हटलं, काय उघडू नको? तर कूस बदलून झोपले. तुमच्या त्या रेषा लवकर काढा बाई.


२८ मार्च

मामा,

अहवाल काल तुमच्या कारखान्यात पोचला. मॅडमनी फोन करून खात्री केली आणि मग म्हणाल्या, आता लिही. म्हणून लगेच लिहिते. आधी उत्तर, मग बाकीचं.

चाळीस मिनिटांचं लोखंडाला कळलेलं नाही. तुझी भट्टी चोख आहे. हुक तुझ्यामुळे तुटला नाही.

मामीला हे ओरडून सांग, मग पुढचं वाच.

सात नंबर हातात आल्यावर ठोकळ्याने तो भिंगाखाली धरला, माझ्या बोटाच्या फोडाकडे पाहिलं आणि विचारलं, 'घासायला कोणी शिकवलं?' मी म्हटलं, 'मामाने.' तो म्हणाला, 'कड्या?' मी हो म्हटलं. त्याने मान हलवली आणि गेला. त्याने असं का विचारलं, ते मला तेव्हा कळलं नाही. काल कळलं.

पडद्यावर रेषा काढणारे इलेक्ट्रॉन लोखंडाच्या अगदी वरच्या सालीतून परत येतात. केसाच्या जाडीचे हजारो भाग केलेस तर त्यातला एक, एवढीच ती साल. मी हात जड ठेवून घासलं तेव्हा चकाकी आली, पण त्या सालीतल्या रांगा माझ्या बोटाखाली चिरडल्या. दुसऱ्यांदा आणखी दाबलं, तर होतं नव्हतं तेही चिरडलं. पितळेच्या कडीत आपल्याला फक्त चेहरा बघायचा असतो, म्हणून तिथे ते चालतं. इथे मी ताण बघायला बसले होते आणि तो ताण माझाच होता. तुझं जुनं शिकवणं मी इतकं मन लावून केलं की तुलाच जवळजवळ दोषी ठरवून बसले. मॅडमनी त्यावर मला पंधरा मिनिटं सुनावलं. माझ्या मापाबद्दल मला शंका आली नाही, भट्टीवाल्याबद्दल आली, हे त्यांना खटकलं. त्यांचं बरोबर आहे. नोकरी आहे, काळजी करू नकोस. पुढचे तीन महिने फक्त घासायला शिकायचंय, ठोकळ्याच्या हाताखाली.

त्याने काय केलं माहितीये? वरची चिरडलेली साल हलक्या हाताने उतरवली. मग मऊ कापड लावलेली एक थरथरणारी थाळी असते, तिच्यात अगदी बारीक पूड घातलेलं दुधासारखं पांढरं पाणी. तुकडा त्यात ठेवला आणि सोडून दिला. वरून हात नाही, वजन नाही. तुकडा आपल्याच भाराने दिवसभर फिरत राहिला. बाहेर काढला तर माझ्याइतका चमकतसुद्धा नव्हता.

काल अहवाल पोचल्यावर त्याने मला आत बोलावलं आणि पडदा दाखवला. मामा, रेषा अशा होत्या की मी खुर्ची पडद्याजवळ ओढली. काळ्यावर उजळ पट्टे, प्रत्येकाच्या दोन्ही कडा पट्टीने ओढल्यासारख्या, आणि जिथे पाच-सहा पट्टे एकत्र येतात तिथे चांदणीसारखी गाठ. एक जागा पाहिली, दुसरी पाहिली, चाळीस पाहिल्या. सगळीकडे रांगा सरळ, आरामात बसलेल्या. ठोकळा म्हणाला, 'चांगला भट्टीवाला आहे.' तीन शब्द. त्याच्या हिशेबाने हे भाषण झालं.

मग तुटला कशामुळे? ते तीन नंबरच्या तुकड्यात सापडलं. साखळी सुटू नये म्हणून हुकाच्या मानेला नंतर कोणीतरी एक छोटी पट्टी वेल्डिंगने चिकटवली होती. चांगल्या हेतूनेच केलं असेल. पण अशा हुकाला वेल्डिंगचा डाग द्यायचा नसतो. तेवढीच जागा एकदम तापते, एकदम निवते आणि काचेसारखी ठिसूळ होते. तिथल्या रेषा दाट, धूसर, गुंतलेल्या आहेत. तिथेच बारीक चीर पडली आणि महिनोन्‌महिने आत सरकत राहिली. चिरेच्या तोंडाला जुना गंज सापडलाय. त्या दिवशी ओझं कसंही लावलं असतं, कितीही लावलं असतं, तरी तो हुक आज ना उद्या जाणारच होता. पट्टी कोणी लावली ते तुमचे चौकशीवाले बघतील.

मॅडमनी तुझ्यासाठी सात नंबरच्या रेषांचं चित्र छापून दिलंय. सोबत आहे. वर-खाली नाही, कसंही धर.

रागावले होते ते संपलं. आता तू लेखी दिलेलं आठव आणि जा.

तुझी भाची


६ एप्रिल

पोरी,

गेलो.

तुझं पत्र शनिवारी आलं. मामीला ओरडून सांगायची वेळ आली नाही, ती माझ्या खांद्यावरून वाचत होती. तिने पहिल्या चार ओळी वाचल्या, आत गेली आणि भांडी आपटायला लागली. तीन महिन्यांचा राग तिने बिचाऱ्या पातेल्यांवर काढला. मग दोघांनी जेवून घेतलं. मी इतका जेवलो की दुपारी पडून राहावं लागलं.

रविवारी अकरा वाजता त्याच्या दारात उभा राहिलो. त्याच्या बायकोने दार उघडलं आणि माझ्या बुटांकडे बघितलं. तो आतल्या खोलीत खिडकीपाशी बसला होता, पाय स्टुलावर. वाळलाय. मला बघून त्याने मान खिडकीकडे फिरवली. मला वाटलं, संपलं. आता हा मला बाहेर काढणार.

मी उभ्याउभ्याच सगळं सांगितलं. दाढ, चाळीस मिनिटं, वहीतली खोटी नोंद, तीन महिने तोंड लपवणं. मध्ये थांबलो असतो तर पुढचं सांगता आलं नसतं, म्हणून थांबलो नाही. तो तसाच खिडकीकडे बघत होता. माझं झाल्यावर म्हणाला, 'मला वाटलं, तू माझ्यावर चिडलायस.'

मी म्हटलं, कशाबद्दल?

तर हा माणूस तीन महिने काय धरून बसला होता, सांगू? त्या दिवशी त्याला घाई होती. साखळी हुकाच्या तळात नीट बसली नव्हती, टोकाकडे राहिली होती. ते त्याने पाहिलं होतं, आणि तरी वर न्यायची खूण केली होती. त्याला वाटलं, तसं लावल्यामुळेच हुक तुटला. मी घडवलेला, मी भट्टीत ठेवलेला, मी रंगवलेला हुक त्याने मोडला, आणि म्हणून मी त्याचं तोंड बघायला येत नाही. चौकशीवाल्यांना त्याने हे सांगितलंही होतं. मला सांगायची हिंमत होत नव्हती. मी गल्लीच्या तोंडाशी उभा असताना तो खिडकीतून मला बघत होता, आणि मी परत फिरलो की रागाने फिरलो असं समजत होता.

मी तुझं पत्र काढलं आणि गंजाचा भाग त्याला वाचून दाखवला. ओझं कसंही लावलं असतं तरी जाणारच होता, हे वाक्य त्याने मला तीनदा वाचायला लावलं. तिसऱ्यांदा ते त्यानेच पुरं केलं. त्याची बायको पाणी घेऊन आली तर आम्ही दोघं म्हातारे डोळे पुसत होतो. तिने ग्लास ठेवला आणि म्हणाली, 'तीन महिने मी एकटीने याचं तोंड बघितलं, आता तुम्ही बघा', आणि शेजारी निघून गेली.

तुझं चित्र त्याने बराच वेळ हातात धरलं. हे आपलं लोखंड का, म्हणाला. मी म्हटलं, आपलंच. कुठली रेष कसली ते मी त्याला समजावलं, तू लिहिलंस तसं, थोडं चुकलं असेन. त्याने ते भिंतीवर लावायला मागितलं. देऊन टाकलं. तुझ्याकडे दुसरं असेल तर मला पाठव, नसेल तर राहू दे.

तो कुबडीवर उभा राहून दाखवत होता. डॉक्टर म्हणतात, जूनपर्यंत चालेल, पण दिवसभर उभं राहणं आता नाही. साहेबांनी त्याच्यासाठी कोठारात बसायचं काम बघितलंय, साखळ्या तपासून देण्याचं. तो म्हणतो, तिथे बसून मला करमणार नाही. मी म्हटलं, कोठार माझ्या भट्टीच्या पाठीच आहे, मधे नुसती भिंत.

घरी आलो तेव्हा दिवे लागले होते. मामी म्हणाली, तीन महिन्यांचं बोलणं एका दिवसात कशाला संपवलंत? तिला काय माहीत. आज फक्त जानेवारी झाला. उद्या पाळी सुटली की परत जातोय.

मामा